मीठ, पाणी आणि मन

मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दिवसांत दवाखान्याच्या व्हरांड्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आजीचं सोडियम कमी झालंय." दोन दिवसांपर्यंत आजी व्यवस्थित असतात. मग त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागतात, मुलाला त्याच्या काकाच्या नावाने हाक मारतात, रात्री उठून किल्ल्या शोधत बसतात. घरचे म्हणतात, वय झालं. शेजारी म्हणतात, चळ लागला. कुणीतरी हळूच सुचवतं की बाहेरचं काही असेल, एकदा बघून घ्या. रक्त तपासलं की कळतं, जे सोडियम 135 ते 145 च्या दरम्यान असायला हवं ते 118 वर आलं आहे. दवाखान्यात ते सावकाश वर आणतात आणि आजी भानावर येतात.

अशा आजींच्या औषधांच्या पिशवीत पुष्कळदा दोन गोळ्या सापडतात. एक रक्तदाबाची, लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारी. दुसरी उदासीवरची, एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी. ही दुसरी गोळी बहुतेकांना मानवते, आणि अंथरुणाला खिळलेली कितीतरी माणसं तिच्यामुळे पुन्हा कामाला लागली आहेत. पण काही वृद्धांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, तिच्यामुळे पाणी धरून ठेवणारं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त सुटतं. शरीरात पाणी साठतं, रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदूच्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि माणूस बरळू लागतो. मनासाठी दिलेल्या गोळीने मिठाचा तोल हलवला आणि मिठाने पुन्हा मनाचा.

मनाचा आजार मनात आणि शरीराचा शरीरात, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. दवाखान्यातले विभागही तसेच वेगळे असतात. शरीराला मात्र ही वाटणी ठाऊक नाही. एकोणिसाव्या शतकात क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की आपल्या पेशी बाहेरच्या हवेत जगत नाहीत, त्या आतल्या द्रवात जगतात, आणि हा द्रव एकसारखा ठेवण्यासाठी शरीर अहोरात्र राबत असतं. 1926 मध्ये अमेरिकेचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी या व्यवस्थेला 'होमिओस्टॅसिस' असं नाव दिलं. आपण तिला शरीराचा आतला तोल म्हणू. तापमान 37 अंशांच्या आसपास, साखर, मीठ, पाणी, आम्लता ठरलेल्या मर्यादेत. यातल्या बऱ्याच गोष्टींचा कारभार मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या काही ग्रॅम वजनाच्या भागातून चालतो. तहान, भूक, झोप, घाम, पाळी, ताणाची संप्रेरकं हे सगळं तिथून हलतं, आणि राग, भीती, आनंद यांची केंद्रं त्याला अगदी लागून, धाग्यांनी जोडलेली आहेत. मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत "मन कसं आहे" याबरोबरच झोप, भूक, वजन, पाळी का विचारतात, याचं उत्तर या शेजारात आहे.

हे कोणत्याही देशात खरं आहे. पण छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी त्याला वेगळी धार येते. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पैठणचं जायकवाडी धरण जवळ असूनही शहराच्या नळाला काही दिवसांच्या खंडानेच पाणी येण्याची अनेक वर्षांची सवय आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने जमिनीखालून नहरी आणून जे शहर वसवलं, तिथल्या माणसाला आज पाण्याचा वार लक्षात ठेवावा लागतो. उष्णता, पाणी आणि मीठ या तीन गोष्टींवर मनाच्या औषधांचं किती अवलंबून आहे हे पाहिलं, की मला ठामपणे वाटतं: मराठवाड्यात मनाच्या औषधाची चिठ्ठी ऋतू पाहून लिहिली गेली पाहिजे.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे लिथियम.

लिथियम हा सोडियमच्याच कुटुंबातला हलका धातू. त्याचे क्षार उन्माद आणि उदासी यांच्या आलटून पालटून येणाऱ्या लाटांवर, म्हणजे बायपोलर आजारावर, आजही पहिल्या पसंतीच्या औषधांत गणले जातात. हा गुण सापडला तो मेलबर्नजवळच्या एका साध्या रुग्णालयात. जॉन केड हे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचे युद्धकैदी होते. परतल्यावर त्यांनी बंडूराच्या या रुग्णालयातल्या जेमतेम साधनांवर गिनीपिगांवर प्रयोग सुरू केले. लिथियमच्या टोचणीने ते प्राणी शांत पडून राहतात हे त्यांनी पाहिलं, औषध स्वतः घेऊन बघितलं, आणि 1948 च्या मार्चमध्ये वर्षानुवर्षं उन्मादात असलेल्या एका रुग्णाला दिलं. तो माणूस काही महिन्यांत घरी गेला आणि आपल्या जुन्या नोकरीवर रुजू झाला. दहा उन्मादी रुग्णांचा अनुभव केड यांनी 3 सप्टेंबर 1949 रोजी ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला.

या कथेचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. तोच पहिला रुग्ण 1950 मध्ये लिथियमच्या विषबाधेने दगावला. आणि केड यांचा लेख येण्याच्या काही महिने आधी, अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराईड वापरायला दिलं गेलं होतं. चव मिठासारखी, म्हणून लोकांनी ते जेवणावर भुरभुरवलं. त्यात माणसं मेली आणि 1949 च्या सुरुवातीला ते बाजारातून काढावं लागलं. ज्यांना डॉक्टरांनी मीठ सोडायला सांगितलं होतं, त्यांनाच लिथियम मिळालं. याहून वाईट जोडी शोधूनही सापडली नसती.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. मूत्रपिंड रक्त गाळतं तेव्हा मीठही खाली उतरतं आणि लिथियमही. शरीराला सोडियम हवं असतं, म्हणून मूत्रपिंडाच्या नलिका ते ओढून परत घेतात. लिथियम सोडियमसारखंच दिसतं, त्यामुळे त्याच दाराने तेही परत येतं. गाळलं गेलेलं सुमारे 80 टक्के लिथियम असं रक्तात परततं. आता माणसाला जुलाब झाले, उलट्या झाल्या, घाम गाळून मीठ गेलं किंवा त्याने मीठ सोडलं, की मूत्रपिंड सोडियमसाठी अधिक जोराने ओढू लागतं. सोडियमबरोबर लिथियमही अधिक परत येतं. सोडियम मोजण्याची यंत्रणा शरीराकडे आहे, ती लाखो वर्षांत घडली. लिथियम मोजण्याची कोणतीही यंत्रणा शरीराकडे नाही. ते काम प्रयोगशाळेला करावं लागतं.

आणि मोजायचं अंतर फार थोडं आहे. गोळी घेतल्यानंतर बारा तासांनी काढलेल्या रक्तात लिथियम साधारण 0.6 ते 1.0 असेल तर ते उपयोगी. दीडच्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, दोनच्या वर जीव धोक्यात येऊ शकतो. उपयोग आणि अपाय यांत इतकं कमी अंतर असलेली औषधं फार नाहीत.

समजा, वाळूज एमआयडीसीत भट्टीजवळ काम करणारा चाळिशीचा एक कामगार आहे. पाच वर्षं लिथियमवर उत्तम चाललं आहे. संसार सावरला, नोकरी टिकली. मे महिना. पाळी दुपारची. घाम इतका की अंगातला शर्ट वाळून त्यावर मिठाचे पांढरे डाग उमटतात. मराठवाड्याची हवा कोरडी असल्याने घाम क्षणात उडून जातो आणि आपण किती पाणी गमावलं हे माणसाला कळतच नाही. कोकणातल्या माणसाचं अंग ओलं राहतं, इथे ते कोरडंच दिसतं. कंबर धरली म्हणून त्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या चार गोळ्या घेतल्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि लिथियम बाहेर पडणं मंदावतं. त्यातच फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाबाची नवी गोळी लिहून दिलेली. तिच्या नावामागे 'एच' अक्षर आहे, म्हणजे बहुधा तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाईड हे लघवीचं औषध मिसळलेलं आहे. तेही लिथियम वाढवतं. "मीठ कमी करा" हा सल्लाही त्यांनी दिला, आणि रक्तदाबापुरता तो बरोबरच होता. आठवड्याभरात हात थरथरायला लागतात, चाल अडखळते, जीभ जड होते, उलट्या होतात. पाहणाऱ्याला वाटतं, हा पिऊन आला. किंवा ऊन लागलं. घरातले ग्लुकोजचं पाणी देऊन झोपवतात.

इथे प्रत्येकाने आपापलं काम बरोबर केलेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञाने योग्य औषध दिलं, फॅमिली डॉक्टरने रक्तदाब पकडला, मेडिकलवाल्याने मागितलेली गोळी दिली. फक्त या तिघांच्या मध्ये असलेल्या मूत्रपिंडाकडे कुणी एकत्र पाहिलं नाही. कंबरदुखीला त्याने पॅरासिटामॉल घेतली असती तर बराच धोका टळला असता. ही माहिती एका वाक्यात देता येते, आणि ते वाक्य लिथियम घेणाऱ्या प्रत्येक माणसाच्या घरी पोचायला हवं.

लिथियमचा पाण्याशी असलेला दुसरा संबंध उलट्या दिशेचा आहे. पाणी धरून ठेवा, हा हायपोथॅलॅमसचा निरोप मूत्रपिंडाला पोचतो, पण दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्या काहींमध्ये मूत्रपिंड तो ऐकेनासं होतं. मग लघवी भरपूर होते, तहान सतत लागते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. घरात हवं तेव्हा पाणी आणि आतच संडास असेल तर हा त्रास सहन करता येतो. ज्या बाईला टँकरची वाट पाहावी लागते, शेतात किंवा ऊसतोडीच्या फडावर आडोसा नाही म्हणून जी सकाळपासून पाणी पिणंच टाळते, तिच्यासाठी हेच लक्षण धोक्याचं ठरतं. लघवी होऊ नये म्हणून ती पाणी कमी पिते, पण मूत्रपिंड पाणी सोडतच राहतं, आणि रक्तातलं लिथियम चढतं. बीड, जालन्यापासून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या मधल्या महिन्यांत रक्ततपासणी कुठे करायची, हा प्रश्न चिठ्ठी लिहितानाच विचारायला हवा. शौचालय आणि पाण्याचा नळ हा मानसोपचाराचा भाग आहे, असं मी म्हणतो ते अक्षरशः याच अर्थाने.

मिठाचा विषय आपल्या घरात आणखी एका वाटेने येतो. मराठी स्वयंपाकघरातलं मीठ वर्षभर सारखं नसतं. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे यांची वाळवणं आणि लोणच्यांच्या बरण्या. पन्हं आणि ताकातही मीठ. मग चातुर्मास. कुणी चार महिने मीठ सोडतं, कुणी रविवारी अळणी करतं, हरतालिकेला कित्येक बायका पाण्याचा थेंबही घेत नाहीत. निरोगी माणसाचं शरीर हे चढउतार सहज सांभाळतं. लिथियम घेणाऱ्याच्या बाबतीत मीठ एकदम सोडलं तर औषध रक्तात चढतं, आणि एकदम वाढवलं तर उतरतं, मग आजार डोकं वर काढू शकतो. त्यांच्यासाठी नियम सोपा आहे: मीठ आणि पाणी रोजच्यासारखं ठेवा. व्रत करायचं असेल तर दुसरं काही सोडा. गोड सोडा, चहा सोडा. आजाऱ्याला व्रतात सूट आहे हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांनीच ते मोठ्याने सांगितलं तर सुनेला किंवा लेकीला अपराधी वाटणार नाही.

संभाजीनगरात हा प्रश्न रमजानलाही येतो. शहागंज, सिटी चौकात त्या महिन्यात रात्र जागी असते. सहरीपासून इफ्तारपर्यंत पाणी नाही, आणि रमजान उन्हाळ्यात आला की हा काळ पंधरा तासांच्या घरात जातो. मोरोक्कोतल्या कॅसाब्लांका इथे बायपोलर रुग्णांचा रमजानमध्ये अभ्यास झाला, तो 2000 साली प्रसिद्ध झाला. रक्तातलं लिथियम मर्यादेत असूनही अनेकांचा आजार उलटला होता, आणि संशोधकांचं बोट झोपेच्या आणि दिनक्रमाच्या मोडतोडीकडे होतं. हे महत्त्वाचं आहे. मेंदूतलं घड्याळ उजेड, जेवण आणि झोप यांच्या वेळांवर चालतं, आणि बायपोलर आजारात ते घड्याळ नाजूक असतं. एक-दोन रात्रींचं जागरण उन्मादाची ठिणगी ठरू शकतं. हीच गोष्ट चिकलठाणा-वाळूजच्या रात्रपाळीला लागू आहे, आणि लग्नसराईतल्या जागरणांनाही. रोजा धरण्याआधी डॉक्टरांशी बोलणं, शक्य असल्यास औषधाची वेळ बदलून घेणं, आणि डॉक्टरांनी नको म्हटलं तर रोजा न धरणं, हे धर्मातही बसतं. आजारी माणसाला तिथेही सवलत आहे.

आता उष्णतेकडे वळू. अंग तापलं की हायपोथॅलॅमस त्वचेकडे रक्त वळवतो आणि घाम आणतो. स्किझोफ्रेनियावरच्या अनेक औषधांचा या नियंत्रणावर परिणाम होतो. त्यातल्या काही औषधांनी हात कापतात, अंग ताठरतं, म्हणून सोबत ट्रायहेक्सीफेनिडिल नावाची गोळी दिली जाते. आपल्याकडे ती फार वापरली जाते. घामाच्या ग्रंथींना मिळणारा रासायनिक संदेश ती अडवते. तोंड कोरडं पडतं हे रुग्ण सांगतो. घाम कमी झाला हे तो सांगत नाही, कारण ते त्याच्या लक्षातच येत नाही. बाहेर 42 अंश आणि आत थंडावा आणणारी यंत्रणा अर्धी बंद, अशा अवस्थेत तो दुपारी पत्र्याच्या खोलीत झोपलेला असतो. आजारामुळे तहान-उकाड्याकडे त्याचं लक्ष नसतं, अंगावर दोन-दोन शर्ट, कधी स्वेटर. रस्त्यावर भटकणारे मनोरुग्ण भर उन्हात गोधडी पांघरून बसलेले आपण पाहतो ते यामुळेच. या लोकांसाठी कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांनी उभं केलेलं काम 2018 च्या मॅगसेसे पुरस्कारामुळे सर्वांना कळलं, पण प्रत्येक शहराचा उन्हाळा वेगळा आणि रस्ते वेगळे.

2021 च्या जूनअखेर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अभूतपूर्व उष्णतेची लाट आली. तिथल्या शासकीय चौकशीने 619 मृत्यू उष्णतेमुळे झाल्याचं नोंदवलं. मागाहून संशोधकांनी तपासलं, की कोणता जुनाट आजार असलेल्यांना सर्वांत जास्त धोका होता. हृदयविकार, मधुमेह, दमा यांच्या पुढे जाऊन यादीत पहिला आला स्किझोफ्रेनिया. औषधं, एकटेपणा, गरिबी, आणि आपल्याला त्रास होतो आहे हे न उमगणं, सगळंच त्यात असणार. थंड देशातली ही आकडेवारी आहे. मराठवाड्यात उष्णतेची लाट आली की लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं, शेतमजूर यांना सावध केलं जातं, आणि ते योग्यच आहे. त्या यादीत मनाची औषधं घेणाऱ्यांचं नाव पहिल्या ओळीत यायला हवं.

मिठाशी जोडलेला आणखी एक धागा थायरॉईडचा. योगायोग असा की केड यांचा लेख छापून आल्यावर बरोबर एका आठवड्याने, 10 सप्टेंबर 1949 रोजी, लंडनचे डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी 14 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. ही माणसं मनोरुग्ण म्हणून ओळखली जात होती. प्रत्यक्षात त्यांची थायरॉईड ग्रंथी थंडावली होती. थायरॉईडचा अर्क दिल्यावर त्यांतली बहुतेक सुधारली. आजही उदासी, आळस, वजनवाढ, विसराळूपणा, थंडी सहन न होणं, पाळीचं बिघडणं घेऊन आलेल्या बाईची टीएसएच तपासणी केल्याशिवाय तिला केवळ नैराश्य आहे असं म्हणू नये. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात तर मुळीच नाही. त्या काळात थायरॉईड आधी जास्त आणि मग कमी असं हेलकावे खाऊ शकतं, आणि घरात मात्र "बाळंतीण चिडचिडी झाली" एवढंच म्हटलं जातं. लिथियमही थायरॉईड मंदावू शकतं, म्हणून ते घेणाऱ्यांची ही तपासणी दर सहा महिन्यांनी करतात. थायरॉईडला लागणारं आयोडीन आपल्याला मुख्यतः मिठातून मिळतं. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात केलेल्या कामाने आयोडीनयुक्त मिठाचा उपयोग सिद्ध झाला आणि 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अलीकडे अनेक सुशिक्षित घरांतून साधं पाकीटबंद मीठ हद्दपार होऊन सैंधव आलं आहे. उपवासाला ते ठीक. पण आयोडीन घातलेलं नसलेलं सैंधव बारा महिने वापरणं, तेही घरात गरोदर बाई असताना, शहाणपणाचं नाही.

भूक आणि साखर यांबद्दल थोडक्यात. ओलान्झापिनसारख्या औषधांनी भ्रम आणि भास आटोक्यात येतात, पण पोट भरल्याचा संदेश दबतो आणि साखरेचा कारभारही बिघडतो. घरच्यांना सुरुवातीला आनंद होतो, पोरगं खाऊ लागलं, तब्येत धरली. मधुमेह ज्यांच्या घराण्यात आहे त्यांनी या आनंदाच्या पहिल्या महिन्यातच वजन आणि साखर लिहून ठेवायला सुरुवात करावी. वाढलेलं वजन उतरवणं फार कठीण जातं, वाढू न देणं त्या मानाने सोपं.

इतकं सगळं शरीराबद्दल सांगितल्यावर एक गोष्ट सांगणं भाग आहे. मराठवाड्याच्या शेतकऱ्याचं दुःख मिठाने आणि थायरॉईडने समजत नाही. 2017 मध्ये टॅमा कार्लटन या संशोधकाने भारतातल्या चार दशकांहून अधिक काळाच्या आत्महत्यांची नोंद तापमानाशी ताडून पाहिली. उष्णतेबरोबर आत्महत्या वाढतात हे दिसलं, पण केवळ पिकाच्या हंगामात. पीक उभं नसताना तितक्याच उष्णतेचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे ऊन माणसाच्या डोक्यात शिरण्याआधी त्याच्या शेतात शिरतं. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तो योग्य दिशेने होता. पण कर्ज, भाव आणि पाणी यांचा प्रश्न समुपदेशनाने सुटत नाही. दीर्घकाळ चिंतेत राहिलेल्या माणसाच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वेळी-अवेळी चढं राहतं, झोप मोडते, रक्तदाब आणि साखर वाढते. शरीराने तोल सांभाळण्यासाठी सतत मोजलेली ही किंमत आहे. ती कमी करायची तर गोळी लागेल, आधार लागेल, आणि पीकविम्याचे पैसेही वेळेवर लागतील.

आणि लिथियमबद्दलचं वरचं वाचून कुणी घाबरून ते बंद करू नये. आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांत त्याचं नाव आहे. एकदम बंद केल्यास आजार जोराने उलटतो. ज्या औषधाला जपावं लागतं ते वाईट औषध असतं असं नाही.

म्हणून तुमच्या घरात कुणी मनाच्या आजाराची औषधं घेत असेल, तर होळीच्या सुमारालाच डॉक्टरांची वेळ घ्या. सोबत सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या, रक्तदाबाच्या, सांधेदुखीच्या, मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या, आयुर्वेदिक, सगळ्या. लिथियम चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि थायरॉईडसाठी टीएसएच तपासून घ्या. साठीच्या पुढच्या माणसाला उदासीची नवी गोळी सुरू झाली असेल तर दोन-चार आठवड्यांत एकदा सोडियम बघा. घाम येतो का, हे विचारा. जुलाब-उलट्या लागल्या तर लिथियमची पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. हातांची थरथर वाढली, बोलणं जड झालं, चालताना झोक जाऊ लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी संभाजीनगरच्या घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात न्या आणि "लिथियम चालू आहे" हे शब्द दारातच सांगा. मनाच्या त्रासाबद्दल कुणाशी बोलायचं हेच कळत नसेल, तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.